विहीणबाईंना पहिली रांग

बऱ्हाणपुरात लग्न ठरलं की लोक मुलगा काय करतो ते नंतर विचारतात, आधी विचारतात, मांडव-बिछायत कोणाची? वसंतभाऊंची म्हटलं की मुलीचा बाप अर्धा निर्धास्त होतो. मांडव थोडा तिरका लागेल, गादीवर मागच्या लग्नातल्या मठ्ठ्याचा डाग निघेल, पण बसण्यावरून रुसून कोणी न जेवता उठणार नाही, याची गॅरंटी वसंतभाऊ स्वतः घेतात.

शनवारा दरवाजाच्या मागच्या बाजूला त्यांचं गोदाम आहे. त्यात छतापर्यंत लाल खुर्च्या, गाद्यांची थप्पी, लोड, सतरंज्या, कूलर आणि सोनेरी पायांचे मखमली सोफे. वसंतभाऊंच्या मते माणसांच्या जाती तीनच : सोफ्यावरचे, खुर्चीवरचे आणि गादीवरचे. उभे राहतात ते वाढपी. कोणाचा मामा पहिल्या रांगेत, कोणाचा साडू दुसऱ्या रांगेत कडेला, दुरून आलेल्या आत्याला पंखा किती हात लांब, हे सगळं त्यांना तोंडपाठ. निंबोल्याच्या एका लग्नात नवरदेवाचे दोन मामा एकाच सोफ्यावर हक्क सांगायला लागले होते, तर भाऊंनी थोरल्याला सोफा दिला आणि धाकट्याला साधी खुर्ची, पण कूलरच्या तोंडाशी. थोरला मामा मे महिन्याच्या दुपारी मखमलीवर बसून घामाने न्हात मान भोगत राहिला, धाकटा गारव्यात झोपला. दोघेही खुश. मुलीच्या बापाने भाऊंचे हात धरले.

एवढ्या खुर्च्यांचा हा मालक, पण घरी जाऊन बघा. सिझनमध्ये घरातल्या खुर्च्याही भाड्याने जातात, आणि प्रतिभावहिनी तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसून भाजी निवडतात. कोणी आलंच तर त्या उठून डबा पुढे करतात.

तर अशा या वसंतभाऊंची एकुलती एक तेजस्विनी. पुण्याला कंपनीत नोकरीला. तिचा नवरा अक्षय मूळचा नेपानगरचा, तोही पुण्यातच. लेकीला मुलगी झाली, बाळंतपणाची रजा संपत आली, आणि तिथून खरा घोर सुरू झाला. पाळणाघरात इतकं लहान बाळ ठेवायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत, पण मग ठेवायचं कोणाकडे? तेजस्विनीचा बेत असा की मम्मीने सहा महिने पुण्याला येऊन राहावं. प्रतिभावहिनी तर बॅग भरून तयार होत्या. अडचण एकच होती, आणि तिचं नाव रंभाबाई.

रंभाबाई म्हणजे अक्षयच्या आई. त्यांचे यजमान नेपानगरच्या कागद कारखान्यात होते. ते गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. बोलणं कमी, पण जे बोलतील ते अक्षयसाठी शेवटचं. त्यांनी फोनवर एकदाच म्हटलं होतं, "पोर लहान आहे तोवर नोकरी कायले पाहिजे? बाळाला घेऊन इकडे ये. इथे अख्खं घर रिकामं पडलंय." बस, एवढंच. पण अक्षय तेव्हापासून मूग गिळून बसला. ना आईला नाही म्हणे, ना बायकोला हो म्हणे.

तेजस्विनीने बापाला फोन केला. "पप्पा, रविवारी लांबलेलं बारसं आहे, सोमवारी मला ऑफिसला जायचंय. नाही गेले तर ती जागा दुसऱ्याला देतील, त्यांनी साफ सांगितलंय. आईंना तुम्ही सोबत घेऊन येताय ना? तर बाकी काही करू नका. फक्त त्यांना नाराज करू नका. त्या खुशीत असल्या की मी मम्मीचं विचारते."

"एवढंच ना?" वसंतभाऊ म्हणाले. आयुष्यभर ज्या माणसाने व्याही-विहिणींना खुश ठेवून पोट भरलं, त्याला हे काम म्हणजे हातचा मळ. "बेटा, तू टेन्शन नको घेऊ. विहीणबाईंचा असा मान ठेवतो की त्या स्वतःहून हो म्हणतील."

तेव्हाच त्यांच्या डोक्यात विमान आलं. बसने विहीणबाईंना रात्रभर हलवत न्यायचं, मग त्या सकाळी कंबर धरून उतरणार आणि लेकीला नाही म्हणणार. त्यापेक्षा जळगावहून विमान. तासाभरात पुणे. गल्लीत बातमी त्यांनी स्वतःच फोडली. समोरच्या आशाबाईंना तर तीनदा सांगितली, कारण पहिल्या दोन वेळी त्या पुरेशा चकित झाल्या नव्हत्या.

तिकिटं तेजस्विनीने काढली. जागा निवडायच्या तेव्हा तिने विमानातल्या खुर्च्यांचा नकाशा फोनवर पाठवला. वसंतभाऊंनी चष्मा लावला, नकाशा मोठा केला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला जसा गवयाचा तानपुरा पाहून उजळावा. मधे वाट, दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या, पुढून मागे रांगा. हा तर मांडव! यात भाऊंना शिकवणार कोण?

"विहीणबाई पहिल्या रांगेत. खिडकीशी. एकदम म्होरे."

"आणि तुम्ही दोघं त्यांच्या मागे?" तेजस्विनीने विचारलं.

"अगं, वेडी की काय! आपण मुलीकडचे. आपण शेवटच्या रांगेत."

"पप्पा, मागे टॉयलेट असतं."

"मग तर बरोबरच आहे," वसंतभाऊ म्हणाले.

प्रतिभावहिनींनी पालथ्या डब्यावरून एक शंका काढली, "अहो, त्या पहिल्यांदाच चालल्यात. एकट्या कशा बसतील म्होरे? मी बसते त्यांच्याजवळ." भाऊंनी ती शंका तिथेच निकालात काढली. मुलीची आई वराच्या आईच्या मांडीला मांडी लावून बसलेली त्यांनी आजवर कुठल्या मांडवात पाहिली नव्हती, आणि विमानात तर पाहणारच नव्हते.

निघायच्या दिवशी सकाळीच चंदन ड्रायव्हरची भाड्याची गाडी घेऊन भाऊ नेपानगरला गेले. रंभाबाई तयारच होत्या. हिरवं काठाचं लुगडं, हातात एक पिशवी. भाऊंनी आधी पिशवी हिसकावली. "अहो, हलकी आहे," त्या म्हणाल्या. "हलकी असो की जड, विहीणबाईंच्या हातात पिशवी? लोक काय म्हणतील?" लोक म्हणून तिथे एक कुत्रं आणि चंदन होता.

बऱ्हाणपुरात प्रतिभावहिनी गाडीत चढल्या, तशा रंभाबाई पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "मी मागे येते, ताईंजवळ. जरा बोलत जाऊ."

"नाही नाही नाही!" भाऊंनी दार बाहेरून दाबून धरलं. "म्होरची सीट तुमच्या मानाची. चंदन, एसीचं तोंड विहीणबाईंकडे कर."

चंदनने केलं. रावेर येईपर्यंत रंभाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, सावद्यापर्यंत गळ्याभोवती गुंडाळला आणि भुसावळ आलं तेव्हा त्यांचं फक्त नाक दिसत होतं. दुतर्फा केळीच्या बागा मागे पळत होत्या. मधे एका टपरीवर चहा झाला. रंभाबाई पाय मोकळे करायला उतरणार, तोच भाऊंनी कप खिडकीतून आत दिला. "तुम्ही बसा."

इथे एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. रंभाबाई मनातून प्रसन्न असल्या की वसंतभाऊंना 'भाऊ' म्हणतात. बिनसलं की 'वसंतराव'. गेल्या तीन वर्षांत त्यांनी वसंतराव फक्त दोनदा म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा प्रतिभावहिनींना महिनाभर फोन करून करून समजूत काढावी लागली होती. म्हणून भाऊंचा एक कान सारखा त्या हाकेकडे.

जळगावचा विमानतळ पाहून वसंतभाऊंना बरं वाटलं. लहान, स्वच्छ, आवाक्यातला. एवढ्या जागेत किती खुर्च्या मावतील याचा हिशेब त्यांनी दारातच केला. सामान गेलं, तपासणी झाली, आणि तेवढ्यात त्यांच्या नजरेला एक दृश्य पडलं : एक गृहस्थ चाकांच्या खुर्चीत बसलेत, मागून गणवेशातला माणूस ती ढकलतोय, आणि रांगेतले सगळे बाजूला सरकून त्यांना वाट देताहेत.

भाऊ थक्क झाले. चाळीस वर्षं या धंद्यात, पण अशी खुर्ची आपल्याला सुचली नाही! वरमाईला मांडवाच्या दारापासून थेट सोफ्यापर्यंत ढकलत आणायचं! ते तडक काउंटरवर गेले. "मॅडम, एक वो कुर्सी हमारे समधनजी के लिए."

"उनको चलने में तकलीफ है सर?"

"तकलीफ नहीं, मान है."

काउंटरवरच्या पोरीने मान म्हणजे काहीतरी मणक्याचं दुखणं समजून खुर्ची मागवली. ती आली, रंभाबाईंच्या पुढ्यात थांबली. रंभाबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, ढकलणाऱ्याकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे पाहिलं.

"हे काय?"

"बसा ना. तुमच्यासाठी मागवली."

"वसंतराव," रंभाबाई म्हणाल्या, "मी दर वर्षी अशीरगड चढते. माझे पाय धड आहेत."

खुर्ची रिकामी परत गेली. प्रतिभावहिनींनी कपाळाला हात लावला नाही, पण कपाळ आणि हात दोन्ही तयार होते.

"काही हरकत नाही," भाऊ त्यांच्या कानात पुटपुटले. "विमानात बसल्या की उतरेल राग. पहिली रांग आहे."

विमान पंख्यांचं होतं. दोन्ही पंखांवर एकेक मोठा पंखा, अगदी मांडवात वरपक्षाकडे लावतात तसा. सगळे पायीच निघाले. वसंतभाऊ झपाझप पुढे झाले आणि विमानाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, एक हात पाठीमागे, दुसरा हात पुढे पसरून, जसे वऱ्हाड आल्यावर कमानीपाशी उभे राहतात. "या विहीणबाई, इकडून."

"सर! सर, उधर नहीं! पीछे से!" पिवळं जॅकेट घातलेला एकजण धावत आला.

"पीछे तो हमारा है. इनका आगे है."

"सबका पीछे से है सर. दरवाजा पीछेही है."

भाऊंनी वळून पाहिलं. सगळे प्रवासी विमानाच्या शेपटीकडे चालले होते, आणि शेपटीशी एक छोटा जिना खाली आलेला. पुढे चढायचं दार नव्हतंच. वसंतभाऊंचा पसरलेला हात तसाच हवेत राहिला. असा मांडव असतो? ज्याचं दार मागून आहे, त्यात पहिली रांग म्हणजे शेवटची रांग, आणि शेवटची म्हणजे पहिली! वराच्या आईला त्यांनी दारापासून सगळ्यात लांब, भिंतीला टेकवून बसवलं होतं, आणि स्वतः मुलीचा बाप दारातल्या सोफ्यावर!

आत शिरताच दोन पावलांत भाऊ-वहिनींच्या जागा. रंभाबाईंना मात्र पुढे अख्खी वाट चालायची. वर छत ठेंगणं, लोक सामान ठेवताहेत, कोणाचं कोपर, कोणाची बॅग. "एक्स्क्यूज मी" म्हणत म्हणत हिरवं लुगडं लांब लांब गेलं आणि शेवटी दिसेनासं झालं. भाऊंनी मान उंच करून पाहिलं. पहिल्या रांगेच्या पुढे फक्त एक भिंत होती. आयुष्यात त्यांनी कोणाला भिंतीकडे तोंड करून बसवलं नव्हतं.

"मॅडम," त्यांनी हवाई सुंदरीला गाठलं, "वो पहिली लाईन में हमारी समधन है. उनको यहाँ बिठाओ, हम वहाँ जाते."

"सर, अभी बेल्ट बाँधिए. आगे की सीट तो अच्छी है."

"अच्छी है इसीलिए तो प्रॉब्लेम है!"

बाई हसली आणि पुढे गेली. पंखे सुरू झाले. विमान धावलं, उचललं, आणि समोरून कुठूनतरी एका तान्ह्या पोराने जो टाहो फोडला तो पंख्यांच्याही वर ऐकू येऊ लागला. पहिल्या रांगेकडूनच. भाऊंनी डोळे मिटले. भिंत, लांबची जागा, आणि वर रडकं पोर! अशी बसायची व्यवस्था तर त्यांनी हिशेब बुडवणाऱ्या गिऱ्हाइकालाही दिली नसती.

खाली तापी कुठे दिसते का म्हणून प्रतिभावहिनी खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. भाऊंना तापीशी घेणंदेणं नव्हतं. थोड्या वेळाने पाण्याच्या बाटल्या आल्या, त्याही मागून. पहिली बाटली वसंतभाऊंना!

"आधी उनको दो," भाऊ पुढे बोट दाखवून म्हणाले.

"सबको मिलेगा सर."

भाऊंनी बाटली हातात धरून ठेवली. विहीणबाईंच्या आधी पाणी पिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. वहिनींनी आपली बाटली घटाघटा संपवली, मग त्यांचीही मागितली. "तुम्हाला नाही ना प्यायचं?"

"तुला काही वाटतंय का? तिकडे लेकीची नोकरी हातची चाललीय!"

"तहान लागलीय मला. आणि मी म्हटलं होतं, त्यांच्याजवळ मला बसू द्या."

भाऊ उठले. पट्टा सोडायची खूण झालीच होती. ते वाटेतून खुर्च्यांच्या पाठी धरत धरत पुढे गेले. पोराचं रडणं एव्हाना थांबलं होतं. पहिल्या रांगेशी पोचून पाहतात तर ते पोर विहीणबाईंच्या खांद्यावर! हिरव्या लुगड्यावर लाळेचा हा एवढा डाग. रंभाबाई त्याच्या कानामागे बोटाने हळूहळू चोळताहेत, तोंडाने काहीतरी गुणगुणताहेत, आणि पोराची आई, एक तरुण मुलगी, शेजारच्या खुर्चीत डोळे पुसतेय.

भाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. विहीणबाईंना विमानात बसवून दुसऱ्याची पोरं सांभाळायला लावली! "अहो बाई, तुमचं बाळ तुम्ही घ्या ना," ते त्या मुलीला म्हणाले, जरा मोठ्यानेच. "या आमच्या विहीणबाई आहेत. त्यांना आराम करू द्या. विहीणबाई, तुम्ही द्या इकडे ते..."

बाळ दचकलं, तोंड वाकडं केलं.

"वसंतराव!" रंभाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "जागेवर जा."

दुसऱ्यांदा! एका दिवसात दोनदा! भाऊ परत आले आणि पट्टा बांधला. त्यांच्या डोळ्यांपुढे तेजस्विनी दिसत होती, नेपानगरच्या घरात, रिकाम्या ओट्यापुढे उभी.

विमान उतरलं तेव्हा त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. निदान उतरताना तरी विहीणबाई पहिल्या! दार उघडायच्या आतच ते वाटेत आडवे उभे राहिले, दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर. पंगतीत वराकडचे बसेपर्यंत गावकऱ्यांना अडवायचा त्यांचा सराव मोठा. "एक मिनिट, एक मिनिट. हमारी समधन आ रही है. उनको पहले जाने दो."

"कहाँ है?" मागच्या माणसाने विचारलं.

"सबसे आगे."

"तो सबसे पीछे से आएगी ना भाईसाब!"

"अरे हटो यार, कनेक्टिंग है मेरा!"

वसंतभाऊंना लोकांनी अक्षरशः वाहत नेलं. जिन्यावरून त्यांचा चष्मा एकीकडे, ते एकीकडे. ते खाली उभे राहिले आणि मोजू लागले. सगळे उतरले. म्हातारे उतरले, बॅगवाले उतरले. प्रतिभावहिनी उतरल्या. अगदी शेवटी रंभाबाई आल्या, एका हातात त्या मुलीची झबल्यांची पिशवी, मागून ती मुलगी बाळाला घेऊन. खाली येताच मुलीने रंभाबाईंना वाकून नमस्कार केला.

"माफी मागतेय बिचारी," भाऊ वहिनींना म्हणाले. "पण आता काय उपयोग."

बाहेर टॅक्सी आली. भाऊ पुढचं दार उघडतात न उघडतात तोच रंभाबाई मागचं दार उघडून प्रतिभावहिनींच्या शेजारी जाऊन बसल्यादेखील. भाऊंना पुढे बसावं लागलं. मुलीचा बाप, पुढच्या सीटवर, एसीच्या तोंडाशी! मागे दोघी काहीतरी बोलत होत्या, पण भाऊंचा कान 'वसंतराव' एवढंच शोधत होता.

तेजस्विनीने दार उघडलं. सासूच्या पाया पडली आणि वर बघता बघता बापाकडे भुवई उडवली. वसंतभाऊंनी हळूच मान हलवली : गेलं.

जेवणं झाली. उद्याच्या बारशाचा पाळणा सजवून ठेवला होता, बाळ त्यात झोपलं होतं. अक्षय नेहमीप्रमाणे भिंतीकडे बघत होता. वसंतभाऊंना वाटलं, जे व्हायचं ते आपल्या तोंडूनच होऊ द्यावं. ते उठले, रंभाबाईंपुढे हात जोडले. "विहीणबाई, चूक झाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी तुमच्यासाठी पहिली रांग घेतली होती, पण दार मागून निघालं. त्याचा राग पोरीवर काढू नका."

"कोणती पहिली रांग?" रंभाबाईंनी विचारलं.

भाऊंनी जोडलेले हात तसेच वर नेऊन विमान उडाल्याची खूण केली.

"मले काय माहीत ती मानाची होती? मले वाटलं, तुम्हीच विचार करून मले जरा लांब बसवलं." पदर सावरून त्या पुढे म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका. अक्षयच्या लग्नापासून तुम्ही मले नुसतं बसवून ठेवलंय. बसा, घ्या, उठू नका, पिशवी धरू नका. ते गेल्यापासून घरातही काम उरलं नाही, आणि तुमच्याकडे आले तर पाण्याचा पेला उचलू देत नाही. आज तासभर कोणी 'बसा' म्हटलं नाही. शेजारच्या पोरीचं लेकरू रडत होतं, कान दुखतात त्यांचे वर जाताना. घेतलं, चोळले कान, झोपलं. तीही बिचारी रजा संपवून कामावर चालली होती, बाळ कुठे ठेवायचं म्हणून रडत होती. मले म्हणाली, आजी, तुमच्यासारखं कोणी माझ्या घरी असतं तर!"

भाऊ अजून हात जोडूनच उभे होते. त्यांनी सगळ्या भाषणातला एकच शब्द पकडला होता : भाऊ म्हणाल्या!

"तेव्हाच मी ठरवलं," रंभाबाई तेजस्विनीकडे वळल्या. "तू सोमवारी जा. नोकरी सोडायची नाही. लेकराला मी सांभाळते."

"म्हणजे... नेपानगरला?" तेजस्विनीने भीत भीत विचारलं.

"नेपानगरला कायले? इथेच. मी राहते ना. सहा महिने म्हण, वर्ष म्हण. तुम्ही कोणी मले विचारलंच नाही. सगळे म्हणायचे, आईंना त्रास नको."

अक्षयने भिंतीवरची नजर काढून पहिल्यांदा आईकडे पाहिलं आणि असं काही हसला की विचारू नका. प्रतिभावहिनींच्या हातातला पानाचा विडा तिथेच राहिला. "पण ताई," त्या म्हणाल्या, "मी आले आहे ना. मी बॅगसुद्धा..."

"तुम्ही बारशाला आल्यात, ताई. भाऊंचं तिकडे कोण पाहील? एवढा मोठा धंदा त्यांचा." हे रंभाबाईंनी इतक्या मायेने म्हटलं की वहिनींनी हातातला विडा त्यांच्यापुढे केला. मग त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि डबे सरकवण्याचा आवाज येऊ लागला. "तेजू, हिंग इतक्या वर ठेवतात का गं? उद्यापासून मी लावते सगळं."

वसंतभाऊ गॅलरीत आले. छाती फुगलेली. मागोमाग तेजस्विनी आली.

"बघितलंस?" भाऊ म्हणाले. "म्हटलं होतं ना, स्वतःहून हो म्हणतील! राहिली ना नोकरी?"

"राहिली."

"मग तोंड का पाडलंस?"

तेजस्विनीने आत पाहिलं. दोन खोल्यांच्या त्या घरात सासूबाई तिची मसाल्याची बरणी उजेडाकडे धरून हुंगत होत्या. "पप्पा," ती म्हणाली, "मी म्हटलं होतं, आईंना नाराज करू नका. इतकं खुश करा असं कुठे म्हटलं होतं?"

"मग आता नको म्हणू का त्यांना?"

खाली रस्त्यावर गाड्या वाजत होत्या. आत बाळ कुरकुरलं, आणि ती वळायच्या आत रंभाबाईंचं गुणगुणणं सुरू झालं, कुरकुर थांबली. तेजस्विनीने असं पाहिलं जसं गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्या हातातून ओझं घेतलं असावं, आणि घेताना हात थोडा मुरगळला असावा.

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

सोमवारी ती ऑफिसला निघाली तेव्हा रंभाबाई बाळाला घेऊन दारात उभ्या होत्या. डब्यात दोन भाकरी जास्त, पिशवीत सुंठीचा लाडू, आणि पाठोपाठ सूचना : ऊन आहे, दुपट्टा घे, दुपारी फोन करीन, उचलशील. तेजस्विनी जिना उतरताना रडली का हसली हे जिन्यावर कोणी नव्हतं म्हणून कळलं नाही, पण ती ऑफिसच्या वेळेच्या बऱ्याच आधी निघाली होती, हे मात्र खरं.

भाऊ-वहिनी त्याच संध्याकाळी बसने परत निघाले. सहा महिन्यांच्या साड्या भरलेली बॅग भाऊंनी स्वतः उचलली. ती बरीच जड होती. नगर मागे पडेपर्यंत वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, एक विचारू? तुम्ही सगळ्यांचं ठरवता कुठे बसायचं. मला कधी विचारलंत?"

पुढच्या गावाला बस थांबली, तेव्हा वसंतभाऊ खाली उतरले आणि चहाचे दोन कप घेऊन आले. एक कप त्यांनी बायकोपुढे धरला. ती घेईपर्यंत त्यांनी आपल्या कपाला तोंड लावलं नाही.